परस्थळ

मराठेशाहीतल्या निवाड्यांच्या कागदांत ‘परस्थळ’ असा एक शब्द भेटतो. वतनाचा, हद्दीचा किंवा मानपानाचा तंटा गावच्या अथवा परगण्याच्या गोतसभेपुढे जाई. तिथे बसणारी माणसे वादी-प्रतिवादींच्या ओळखीतली असत, नात्यातली असत, कधी त्या तंट्यात त्यांचे स्वतःचे हितही गुंतलेले असे. इथले गोत समोरच्या पक्षाला धार्जिणे आहे, इथे आपल्याला न्याय मिळायचा नाही, असे ज्याला वाटे तो परस्थळ मागे. आपला तंटा दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे न्यावा, अशी विनंती करी. जातीच्या पायऱ्या त्या सभांतही होत्याच, आणि परस्थळ मिळाले तरी राज्य तेच आणि राजा तोच राही. तरीही ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्याच ओसरीवर गाऱ्हाण्याचा निकाल लागू नये, ही समज त्या शब्दात आहे. विसाव्या शतकात ही समज एका अवघड जागी येऊन अडली. गाऱ्हाणे खुद्द राज्याविरुद्धच असेल तर परस्थळ कुठले? राज्याच्या वर कुणी नाही, यालाच तर सार्वभौमत्व म्हणतात.

राष्ट्राच्या सीमेपलीकडे मानवी हक्कांचे रक्षण कसे होऊ लागले, हा इतिहास बहुधा जाहीरनाम्यांच्या तारखांनी सांगितला जातो. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वैश्विक जाहीरनामा संमत झाला, ४८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधात कुणीच गेले नाही, आणि तिथून नवे युग सुरू झाले, अशी ती मांडणी असते. मला हा इतिहास अर्जांचा वाटतो. कुणी अर्ज लिहिला, तो कुणाच्या टेबलावर पोचला, कोणत्या सबबीखाली परत आला, आणि परत आलेला अर्ज पुढच्या अर्जदाराच्या कामी कसा आला, हे पाहिले तर जाहीरनाम्यापेक्षा वेगळेच चित्र दिसते. हक्कांची यादी करायला राष्ट्रे फारशी कचरली नाहीत. त्या हक्कांसाठी एखाद्या माणसाने आपल्याच सरकारविरुद्ध बाहेर दाद मागावी, एवढ्या एका गोष्टीला मात्र जवळजवळ प्रत्येक सरकारने जमेल तितका काळ विरोध केला. तो विरोध कुठे आणि कसा झिजत गेला, हा खरा तपासण्याचा भाग आहे.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया अशा नव्या किंवा विस्तारलेल्या राष्ट्रांवर अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे तह लादले गेले. पोलंडबरोबरचा तह तर व्हर्सायच्या तहाच्याच दिवशी, २८ जून १९१९ रोजी झाला. त्यांतून अर्जाची एक रीत घडली. अर्ज निनावी नसावा, भाषा भडक नसावी, तो तहाच्या कलमांत बसावा. मग परिषदेच्या तीन सदस्यांची समिती तो पाहणार. अर्जदाराला स्वतः उभे राहता येत नसे. त्याचा कागद ही केवळ माहिती मानली जाई. तरीही माहिती म्हणून का होईना, एका नागरिकाचे आपल्या सरकारविरुद्धचे गाऱ्हाणे परक्यांच्या टेबलावर कायदेशीरपणे ठेवले जाऊ लागले. यातला अन्याय त्या काळीही उघड होता. ब्रिटन, फ्रान्स, इटली यांनी स्वतःवर असे कुठलेच बंधन घेतले नव्हते. जपानने वंशसमतेचे कलम राष्ट्रसंघाच्या करारात घालण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा समितीतल्या १७ पैकी ११ मते बाजूने पडूनही अध्यक्षस्थानी असलेल्या वुड्रो विल्सन यांनी एकमत नाही म्हणून तो बाजूला सारला. १९२३ मध्ये कॅनडातल्या हॉडेनोशॉनी या आदिवासी लोकांचा प्रतिनिधी डेस्काहे आपल्या राष्ट्राने दिलेल्या पारपत्रावर जिनिव्हाला गेला. कॅनडा आमची स्वायत्तता बळजबरीने मोडतो आहे, हे त्याचे गाऱ्हाणे होते. नेदरलँड्सने त्याचा अर्ज राष्ट्रसंघाकडे पोचवला आणि पर्शिया, एस्टोनिया, आयर्लंड, पनामा यांनी तो विचारात घ्यावा म्हणून खटपट केली. ब्रिटनने आडकाठी घातली, कॅनडाने हा आमचा अंतर्गत मामला असल्याचे सांगितले, आणि सभेपुढे अर्ज आलाच नाही. १९२४ मध्ये कॅनडाने हॉडेनोशॉनींची पारंपरिक सभा मोडून काढली. पुढच्याच वर्षी डेस्काहे वारला.

त्याच व्यवस्थेत दहा वर्षांनी एक अर्ज मात्र लागू पडला, आणि त्याची गोष्ट सावकाश सांगण्याजोगी आहे. जर्मनी अल्पसंख्याकांच्या तहांनी बांधलेला नव्हता. अपवाद फक्त अप्पर सायलेशिया या प्रदेशाचा. जर्मनी आणि पोलंड यांच्यात तो विभागला गेला तेव्हा १५ मे १९२२ रोजी जिनिव्हात १५ वर्षांचा करार झाला होता, आणि त्याच्या १४७व्या कलमानुसार कुणाही व्यक्तीला थेट राष्ट्रसंघाच्या परिषदेकडे अर्ज करता येत होता. १९३३ च्या वसंतात हिटलरच्या सरकारने ज्यूंना नोकऱ्यांतून, वकिलीतून, वैद्यकीतून हाकलणारे कायदे केले. ग्लायविट्झ गावातल्या एका दुकानातून फ्रान्झ बर्नहाइम नावाच्या नोकराला ज्यू म्हणून काढून टाकण्यात आले. ज्यू संघटनांच्या मदतीने मे महिन्यात त्याच्या सहीचा अर्ज जिनिव्हात दाखल झाला. हा माणूस मूळचा त्या प्रदेशातला नाही, त्याला अर्जाचा हक्कच नाही, असा आक्षेप जर्मनीने घेतला. कायदेपंडितांच्या समितीने तो फेटाळला. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी चुकून हे कायदे तिथे लावले, असाही खुलासा बर्लिनने केला. जून १९३३ मध्ये परिषदेने निर्णय दिला आणि अप्पर सायलेशियात ज्यूविरोधी कायदे थांबले. करार संपला १५ जुलै १९३७ रोजी. तोवर चार वर्षे उरलेल्या जर्मनीत जे उघडपणे चालले होते ते त्या एका पट्ट्यात कायद्याने चालू शकले नाही. मुदत संपताच तेही संरक्षण संपले. दुकानात राबणाऱ्या एका माणसाच्या सहीने नाझी राज्याचा कायदा चार वर्षे अडून राहिला, कारण त्या जागी करार अर्जदाराच्या बाजूने उभा होता. त्या पट्ट्याच्या सीमेपलीकडे काही कोसांवर तोच कायदा, तेच सरकार आणि तेच बळी होते; करार तेवढा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचे जे झाले त्यानंतर राज्यावर वरून कुणाचे तरी लक्ष हवे, हे सर्वांना पटले असेल असे आपण समजतो. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेचे कागद त्या समजाला दुजोरा देत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत मानवी हक्क हे शब्द अनेक ठिकाणी आले, पण दुसऱ्या कलमाच्या सातव्या परिच्छेदाने हेही सांगितले की राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारातल्या बाबींत संघटनेला हस्तक्षेप करता येणार नाही. सनदेच्या प्रस्तावनेत मूलभूत मानवी हक्कांवरची श्रद्धा व्यक्त करणारा मजकूर आणण्यात मोठा वाटा होता दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांचा. हेच स्मट्स ट्रान्सवालमध्ये गांधीजींच्या सत्याग्रहापुढे उभे होते, आणि याच स्मट्स सरकारने १९४६ मध्ये नाताळ आणि ट्रान्सवालमधल्या भारतीयांनी जमीन कुठे घ्यावी, कुठे राहावे यावर वंशाच्या रेषा आखणारा कायदा केला. डर्बनमध्ये जूनच्या मध्यावर सत्याग्रह सुरू झाला. लोक गोऱ्यांसाठी राखलेल्या जमिनीवर तंबू ठोकून बसले आणि तुरुंगात गेले.

२२ जून १९४६ रोजी भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते, आणि दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्यापर्यंत सरकार गेले होते. हंगामी सरकार आल्यावर विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळ घेऊन न्यू यॉर्कला गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छगला त्यात होते. स्मट्स यांनी दुसऱ्या कलमाचा सातवा परिच्छेद पुढे केला: हे आमचे नागरिक, हा आमचा कायदा, हा आमचा घरचा मामला. प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे मतासाठी पाठवावा, असेही त्यांनी सुचवले. भारताने दक्षिण आफ्रिकेबरोबरच्या १९२७ च्या केपटाऊन कराराचा आधार घेतला, पण युक्तिवाद तेवढ्यावर थांबवला नाही. सनदेत मानवी हक्क लिहिले गेले आहेत, तर ते हक्क तुडवणे ही आता कुठल्याच राष्ट्राची निव्वळ घरची बाब उरत नाही, हा त्यातला जोरकस भाग होता. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, ७ तटस्थांसह, आमसभेने ठराव मंजूर केला. दोन तृतीयांश मते लागत होती. एक मत इकडचे तिकडे गेले असते तर ठराव पडला असता. अमेरिका आणि ब्रिटन विरोधात होते. घरच्या मामल्याच्या भिंतीला पहिले मोठे भगदाड पाडले ते पारतंत्र्यातून अजून बाहेर न पडलेल्या एका देशाने, ही गोष्ट भारतीय म्हणून अभिमानाने सांगावी अशीच आहे. मात्र हा अर्ज एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध केला होता. डर्बनच्या तंबूतल्या माणसाला स्वतःच्या सहीने असा अर्ज करता आला नसता.

त्याच वर्षी आणखी एक पत्र न्यू यॉर्कला गेले, आणि माझ्या मते त्या साऱ्या पत्रव्यवहारात सर्वात दूरचे पाहणारे तेच आहे. अमेरिकेतल्या नॅशनल नीग्रो काँग्रेसने जून १९४६ मध्ये काळ्या नागरिकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिला. ती बातमी वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना न्यू यॉर्कमधली काळ्यांची वस्ती, हार्लेम, परकी नव्हती. अस्पृश्यांची भारतातली स्थिती आणि काळ्यांची अमेरिकेतली स्थिती यांत किती साम्य आहे ते त्यांनी मांडले, भारतातले अस्पृश्यही असाच अर्ज करण्याचा विचार करत आहेत असे कळवले, आणि त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आपुलकीने उत्तर दिले, अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल सहानुभूती कळवली आणि आणखी सविस्तर अर्जाची तयारी होत असल्याचे सांगितले. बाबासाहेबांचे पत्र ज्या दिवसांत गेले ते लक्षात घ्यावे. ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने नुकतीच सत्तांतराची योजना मांडली होती, आणि बाबासाहेबांच्या दृष्टीने त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र स्थान उरले नव्हते. जुना धनी निघाला होता. नव्या धन्याच्या घरात आपले गाऱ्हाणे कोण ऐकणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रती मागवणे म्हणजे परस्थळाची वाट चाचपणेच होते.

ती वाट किती बंद होती, ते पुढच्या वर्षी कळले. जानेवारी-फेब्रुवारी १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाची पहिली बैठक झाली तेव्हा जगभरातून अर्ज येऊन पडले होते. मानवी हक्कांबाबतच्या कुठल्याही तक्रारीवर कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आयोगाने स्वतःच ठरवून टाकले, आणि ऑगस्टमध्ये आर्थिक व सामाजिक परिषदेने त्यावर शिक्का मारला. अर्जांची गोपनीय यादी होई आणि अर्जदाराला आयोगाच्या हाती काही नाही असे कळवले जाई. मानवी हक्क विभागाचे प्रमुख जॉन हम्फ्री यांनी या व्यवस्थेला अत्यंत काळजीपूर्वक रचलेल्या रद्दीच्या टोपलीची उपमा दिली. आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता, मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या आणि श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेल्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्द होता तो बदलून ‘सर्व माणसे’ असा व्हावा म्हणून त्या भांडल्या, हे आता बरेच ठाऊक आहे. त्यांनी मांडलेला दुसरा प्रस्ताव विस्मरणात गेला: हक्कभंगाच्या तक्रारी सुरक्षा परिषदेने हाती घ्याव्यात, तपासाव्यात आणि त्यांवर दाद मिळवून द्यावी. तो कुणालाच परवडणारा नव्हता. ऑक्टोबर १९४७ मध्ये डू बॉइस यांनी संपादित केलेला ‘ॲन अपील टु द वर्ल्ड’ हा अर्ज दाखल झाला. ज्या संस्थेचा तो होता तिच्या संचालक मंडळावर एलिनॉर रूझवेल्ट होत्या, आणि आयोगाच्या अध्यक्षाही त्याच होत्या. तरी अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी तो पुढे करायला नकार दिला. सोव्हिएत संघाला त्या अर्जात रस होता तो अमेरिकेला कोंडीत पकडण्यापुरता. वैश्विक जाहीरनाम्यात संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करण्याचा हक्क घालावा, अशीही सूचना होती. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला. अर्जाच्या हक्काचा विचार त्याच दिवशी वेगळा ठराव करून पुढे ढकलला गेला.

बाबासाहेबांच्या अर्जाचे काय झाले? ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना केलेल्या निवेदनात त्यांनी ते सांगितले आहे. अनुसूचित जातींच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रांना द्यायचा अहवाल त्यांनी तयार केला होता; संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी म्हणून तो पाठवला नाही. त्याच निवेदनात, संविधानात संरक्षणे येऊनही जुना जुलूम आणि भेदभाव तसाच चालू असल्याची खंत आहे. इथे पहिला मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. ज्या देशाला संविधान आहे, १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, ३२व्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले आहे, त्या देशातल्या माणसाने बाहेर का जावे? घरची लक्तरे वेशीवर का टांगावीत? खुद्द संविधानाच्या शिल्पकाराने तसे केले नाही, हा दाखला या आक्षेपाला बळ देतो. पण तो दाखला नीट वाचला पाहिजे. बाबासाहेबांनी अहवाल मागे ठेवला तो संधी देण्यासाठी. दाद मागण्याचा हक्क त्यांनी सोडून दिला, असे त्या निवेदनात कुठेही नाही. पुढे आंतरराष्ट्रीय अर्जाच्या ज्या ज्या रीती तयार झाल्या त्यांत हाच क्रम नियम म्हणून लिहिला गेला: आधी देशातले सारे उपाय करून पाहावेत, ते संपले किंवा निरर्थक ठरले तरच बाहेरचे दार. उच्च न्यायालयावर सर्वोच्च न्यायालय असल्याने उच्च न्यायालयाचा अपमान होत नाही. आणि लक्तरांबद्दल म्हणायचे तर वेशीवर टांगणाऱ्याला दोष देण्याआधी ती कुणाच्या अंगावर आहेत हे विचारायला हवे. ही म्हण घराच्या अब्रूची भाषा बोलते. ज्याला त्या घरात ओसरीवरही चढू दिले जात नव्हते, त्याच्याकडून त्याच अब्रूची राखण मागणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप दुबळ्या राष्ट्रांचा आहे, आणि वसाहतवाद भोगलेल्या आपल्यासारख्यांना तो आतून कळतो. हक्कांच्या रक्षणाचे नाव घेऊन बलवान राष्ट्रे दुसऱ्याच्या घरात शिरतात. १८६० मध्ये ख्रिस्ती लोकांच्या रक्षणासाठी म्हणून फ्रान्सचे सैन्य लेबनॉनमध्ये उतरले; २००३ मध्ये इराकवर चढाई करताना सांगितलेल्या कारणांत तिथल्या जनतेची मुक्तताही होती. अल्पसंख्याकांचे तह दुबळ्यांवरच लादले गेले हे वर आलेच आहे, आणि पोलंडने १९३४ मध्ये ते झुगारताना हीच विषमता पुढे केली. तेव्हा सार्वभौमत्व ही दुबळ्याची ढाल आहे, ती खाली ठेवायला सांगू नका, असे हा आक्षेप म्हणतो. यातला इतिहास खरा आहे; निष्कर्ष मला मान्य नाही. फौज आणि अर्ज या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. फौजेला पीडिताच्या सहीची गरज नसते, तो न बोलताही त्याच्या नावाने ती निघते. अर्जात मात्र बोलणारा तोच असतो, पुरावा त्याचा, मागणीही त्याची, आणि समोर सरकारला उत्तर द्यायला पूर्ण वाव. तह फक्त पोलंडवर होता आणि फ्रान्सवर नव्हता, यावर इलाज फ्रान्सवरही तो असणे हाच होता. शिवाय ढाल दुबळ्या राष्ट्राची असली तरी तिच्यामागे त्या राष्ट्रातला सर्वात दुबळा माणूस उभा असतोच असे नाही. अनेकदा तो ढालीच्या दुसऱ्या बाजूला असतो. १९४६ मध्ये स्मट्स यांची ढाल भारताने बाजूला सारली तेव्हा आपण हेच म्हणत होतो.

आणि भिंत प्रत्यक्षात झिजली ती याच रस्त्याने. साठीच्या दशकात आफ्रिका-आशियातल्या नव्या राष्ट्रांना दक्षिण आफ्रिकेविरुद्धचे अर्ज आयोगाने वाचावेत असे वाटत होते. पाश्चात्त्य राष्ट्रांनी ते मान्य करताना ‘सर्व देशांतले’ हे शब्द आत आणले. १९६७ चा १२३५ क्रमांकाचा आणि १९७० चा १५०३ क्रमांकाचा ठराव असे आले, आणि वीस वर्षांनी आयोगाने येणारे अर्ज उघडून वाचायला सुरुवात केली. एकाला पकडण्यासाठी उघडलेले दार सर्वांसाठी उघडले गेले, बहुतेकांच्या मनाविरुद्ध. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा ऐच्छिक पूरक करार १९७६ मध्ये अंमलात आला आणि तो स्वीकारणाऱ्या देशांतल्या माणसाला स्वतःच्या सहीने त्या कराराच्या समितीकडे जाता येऊ लागले. त्या दाराने आत गेलेल्यांत कॅनडाची सँड्रा लव्हलेस होती. मालिसीट जमातीतल्या या स्त्रीने जमातीबाहेर लग्न केले म्हणून कॅनडाच्या कायद्याने तिची आदिवासी ही ओळख आणि आपल्या वस्तीत राहण्याचा हक्क काढून घेतला. जमातीतल्या पुरुषाला मात्र तसे लग्न करूनही काही गमवावे लागत नसे. १९८१ मध्ये समितीने कॅनडाने करार मोडल्याचा निर्णय दिला आणि १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. ज्या कॅनडाने डेस्काहेचा अर्ज घरचा मामला म्हणून थोपवला होता, त्याच कॅनडाने एका आदिवासी स्त्रीच्या अर्जाला उत्तर दिले. डेस्काहेचा अर्ज आणि समितीचा हा निर्णय यांमध्ये ५८ वर्षे गेली. युरोपातही ब्रिटनने १९६६ मध्ये व्यक्तीचा अर्ज मान्य केला होता, म्हणूनच पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांना स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क आयोगापर्यंत जाता आले. पूर्व आफ्रिकेत व्यापारासाठी, रेल्वेसाठी, कारकुनीसाठी गेलेल्या गुजराती, पंजाबी, गोमंतकीय कुटुंबांपैकी अनेकांच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट होते, आणि १९६८ च्या घाईघाईच्या कायद्याने ब्रिटनने त्यांनाच दार लावले. १९७३ मध्ये युरोपीय आयोगाने वंशावरून असे वागवणे ही मानखंडना ठरवली. अर्जदारांना ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला.

हे सारे निष्फळ आहे, असेही म्हटले जाते. १९४६ च्या ठरावानंतर दीडच वर्षात दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद आणखी कडक झाला. आजही समित्यांचे निर्णय धाब्यावर बसवणारी सरकारे कमी नाहीत. हे खरे आहे, आणि अर्जाने राज्ये उलथतात असा माझा दावाही नाही. पण निष्फळ म्हणण्याआधी फळ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागेल. अप्पर सायलेशियातल्या ज्यू कुटुंबांना मिळालेली चार वर्षे म्हणजे वकिलाला चार वर्षे वकिली, डॉक्टरला चार वर्षे दवाखाना, आणि ज्याला धोका ओळखता आला त्याला देश सोडण्याची सवड. दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न १९४६ नंतर अनेक दशके आमसभेच्या पटलावरून हटला नाही. तिथल्या सरकारला पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्यावे लागले आणि ते ऐकून घेणारे कमी होत गेले.

आता भारताकडे. १९६५ मध्ये वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार तयार होत असताना वंशभेदाच्या व्याख्येत जन्मकुळाचा निर्देश करणारा शब्द घालण्याची दुरुस्ती भारतानेच मांडली, आणि ती स्वीकारली गेली. भारताने १९६८ मध्ये करार मान्यही केला. १९९६ मध्ये भारताचा अहवाल तपासताना या कराराच्या समितीने त्या शब्दात जातही येते असे म्हटले. सरकारला ते मान्य झाले नाही. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली ती डर्बनमध्येच, १९४६ च्या सत्याग्रहाच्या शहरात. भारतातून गेलेले दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न मांडू पाहत होते आणि जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, त्याला आमचे कायदे समर्थ आहेत, असे भारत सरकार सांगत होते. आंद्रे बेते यांच्यासारख्या मान्यवर समाजशास्त्रज्ञांनीही जात आणि वंश यांची सांगड शास्त्राला धरून नाही असे बजावले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. बाबासाहेबांनीही जातीची वांशिक उपपत्ती नाकारलीच होती. पण अर्जदार काही मानववंशशास्त्राचा निर्णय मागत नव्हता. जन्माने ठरलेल्या पायरीमुळे माणसाचे पाणी, रस्ता, काम आणि लग्न अडते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि भारतानेच घातलेला तो शब्द या प्रश्नाला पुरेसा होता. २००२ मध्ये समितीने २९व्या सर्वसाधारण शिफारशीत जातीवर आधारलेला भेदभाव या करारात येतो हे स्पष्ट लिहिले.

त्याच करारात १४वे कलम आहे. एखाद्या राष्ट्राने त्याखाली घोषणा केली की त्या देशातली कुणीही व्यक्ती, देशातले उपाय संपल्यावर, आपल्या सहीने या समितीकडे अर्ज करू शकते. दक्षिण आफ्रिकेने ती घोषणा केली आहे. भारताने केलेली नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार १९७९ मध्ये स्वीकारूनही त्याचा ऐच्छिक पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. आपल्या देशाची न्यायालये यामुळे लहान होणार नव्हती, कारण अर्ज त्यांच्या निकालानंतरच पुढे जाणार होता. आज डर्बनमधला भारतीय वंशाचा माणूस वंशभेदाचे गाऱ्हाणे घेऊन जिनिव्हाला अर्ज करू शकतो. मराठवाड्यातल्या खेड्यात विहिरीवरून हाकलले गेलेले कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतले, तर त्याला त्या समितीकडे अर्ज लिहिता येत नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्याच्या प्रती मागवल्या होत्या, तो कागद अजून भारतातून निघायचा आहे.